उरलेल्यांची गोष्ट : 'अवतार'च्या शेवटच्या पर्वाविषयी

अग्निराष्ट्रातल्या एका शाळेत इतिहासाचा तास चालू आहे. सोझिन राजाने वायुलोकांच्या सैन्याशी कोणत्या साली लढाई केली, असा प्रश्न बाई विचारतात. वर्गात नव्याने आलेला एक मुलगा म्हणतो की वायुलोकांकडे सैन्य नव्हतंच. सोझिनने त्यांना बेसावध गाठून मारलं. राष्ट्राच्या इतिहासाच्या पुस्तकापेक्षा तुला जास्त कसं कळतं, शंभर वर्षांपूर्वी तू तिथे होतास का, असं बाई त्याला सुनावतात. मुलगा वाद घालत नाही, गप्प बसून उत्तर लिहायला घेतो. कत्तलीच्या वेळी तो तिथे नव्हता हे खरं आहे. पण ज्या लोकांविषयी हा धडा आहे त्यांच्यातला तो शेवटचा माणूस आहे. कपाळावरची बाणाची खूण पट्टीखाली झाकून, दुसऱ्याचं नाव घेऊन तो त्या वर्गात बसला आहे.

'अवतार: द लास्ट एअरबेंडर' या मालिकेच्या तिसऱ्या आणि शेवटच्या पर्वातला हा दुसरा भाग. मायकेल डान्टे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झ्को या दोघांनी निकेलोडियन वाहिनीसाठी ही मालिका रचली. तिचा पहिला भाग 21 फेब्रुवारी 2005 रोजी दाखवला गेला आणि शेवटचा 19 जुलै 2008 रोजी. तीन पर्वं मिळून 61 भाग. पहिल्या पर्वाचं नाव जल, दुसऱ्याचं पृथ्वी, तिसऱ्याचं अग्नी. या पुस्तिकेत आपल्या पुसदच्या आणि आसपासच्या मुलामुलींनी लिहिलेली टिपणं आहेत ती या तिसऱ्या पर्वाच्या 21 भागांवर. त्यांच्याआधी चार गोष्टी सांगाव्यात म्हणून ही प्रस्तावना.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. या जगात चार लोकसमूह आहेत : जलजमाती, भूराज्य, अग्निराष्ट्र आणि भटके वायुलोक. प्रत्येकातल्या काही जणांना आपापलं तत्त्व हाताळण्याची विद्या असते. चारही विद्या येणारा एकच, तो अवतार. तो मेला की पुढच्या लोकांत जन्म घेतो. सोझिन नावाच्या अग्निराजाने एका धूमकेतूच्या बळावर सगळ्या वायुलोकांना संपवलं, कारण पुढचा अवतार त्यांच्यात जन्मला होता. तो मुलगा, बारा वर्षांचा आंग, त्याआधीच मठातून पळाला होता आणि समुद्रात बर्फात गोठून शंभर वर्षं तसाच राहिला. कटारा आणि सॉका ही दक्षिण ध्रुवाकडची भावंडं त्याला बाहेर काढतात तेव्हा युद्ध चालूच असतं. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी राजकन्या अझुला आंगला विजेच्या लोळाने पाडते. कटारा त्याला वाचवते, पण जगाला वाटतं की अवतार मेला. तिसरं पर्व सुरू होतं तेव्हा भूराज्याची राजधानी पडली आहे, अग्निराष्ट्र जिंकल्यात जमा आहे, आणि आंग शत्रूच्या मुलखात, शत्रूच्या कपड्यांत लपून वावरतो आहे. उन्हाळा संपता संपता तोच धूमकेतू परत येणार आहे. त्याआधी अग्निराजा ओझाईला हरवायचं आहे.

एवढी कथा कोणालाही सांगता येईल. त्यापलीकडे या पर्वात काय आहे हे मला इथे, पुसदमध्ये मुलांसोबत पाहताना दिसलं. चहूबाजूंनी डोंगर आणि मधून पूस नदी असलेलं हे गाव. त्या डोंगरांच्या कुशीत जागोजागी बंजारा समाजाचे तांडे आहेत. आमच्याकडे शाळेत येणारी कितीतरी मुलं तांड्यावरची. घरात गोरमाटी, वर्गात मराठी, मोबाइलवर हिंदी, असा त्यांचा दिवस जातो. शाळेतल्या धड्याचा भाग पाहून झाल्यावर एका मुलीने विचारलं, "सर, हा एकटाच उरला तं मंग यायचे सन आता कोन करीन?"

मी या मालिकेवर बरंच वाचलं होतं. आंगवर जगाची जबाबदारी आहे, त्याच्या बालपणावर ओझं आहे, युद्ध आणि क्षमा हे या कथेचे विषय आहेत, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. सणांचा प्रश्न कोणी विचारलेला मी वाचला नव्हता. आणि तोच या पर्वाच्या गाभ्याचा प्रश्न आहे असं आता मला मनापासून वाटतं. आंग वायुविद्या एकटाच जपू शकतो. ती त्याच्या अंगात आहे. पण विद्येबरोबर एक रीत असते : ती कशासाठी वापरायची, कशासाठी मुळीच वापरायची नाही, कोणत्या दिवशी काय खायचं, मेलेल्यांना काय म्हणून आठवायचं. विद्या एका माणसात जिवंत राहते, रीत मात्र माणसामाणसांत असते. ती माणसंच नाहीशी झाली तर उरलेल्या एकट्याने काय जपायचं?

तांड्यावरच्या मुलीला हा प्रश्न पडावा याचं मला आश्चर्य वाटलं नाही. बंजारा समाजाने हजारो बैलांच्या लदेणीवरून मीठ आणि धान्य देशभर वाहिलं. आगगाड्या आल्या, पक्के रस्ते झाले, आणि तो व्यापार मोडला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या देशातल्या कितीतरी भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं; बंजाऱ्यांचे गटही अनेक भागांत त्यात सापडले. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला. आंगच्या वर्गातल्या पुस्तकात जसे वायुलोक लढाऊ शत्रू झाले, तसे सरकारी दप्तरात व्यापारी लोक गुन्हेगार झाले होते. पण इथे साम्य संपतं, आणि ते कुठे संपतं हे सांगणं मला गरजेचं वाटतं. वायुलोक संपले, बंजारा समाज जिवंत आहे, वाढतो आहे. पुसदजवळच्या गहुली गावात 1913 साली जन्मलेले वसंतराव नाईक 1963 पासून 1975 पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. पोहरादेवीला सेवालाल महाराजांच्या समाधीवर जमणारी गर्दी ज्याने पाहिली आहे तो या समाजाला 'उरलेला' म्हणणार नाही. मात्र गोरमाटीला स्वतःची लिपी नाही. ती महाराष्ट्रात देवनागरीत, तेलंगणात तेलुगू लिपीत, कर्नाटकात कन्नड लिपीत लिहिली जाते. होळीची लेंगी गीतं आणि तीजेची गाणी म्हणणाऱ्याच्या तोंडून ऐकणाऱ्याच्या कानात जातात. ज्या घरात रीत अशी तोंडानेच पुढे जाते त्या घरातल्या मुलीला ठाऊक असतं की सण एकट्याने होत नाही.

हा धागा हातात घेऊन पर्व पुन्हा पाहिलं की दिसतं, यात 'शेवटचा' असलेला आंग एकटा नाही. लेखकांनी अशा उरलेल्यांची एक रांगच उभी केली आहे आणि प्रत्येकाने उरलेलं आयुष्य वेगळ्या रीतीने वापरलं आहे.

त्यातली सगळ्यात भयंकर हामा. आठव्या भागात ती भेटते. जंगलाजवळच्या एका गावातून दर पौर्णिमेला माणसं नाहीशी होत असतात. तिथे खानावळ चालवणारी ही म्हातारी मुलांना प्रेमाने जेवू घालते, आणि मग उघड करते की ती दक्षिणेच्या जलजमातीची, म्हणजे कटाराच्याच माणसांची आहे. कटाराचा आनंद पाहण्यासारखा आहे. आपल्या दक्षिणेकडची जलविद्या जाणणारं कोणीतरी मोठं माणूस तिला आयुष्यात प्रथमच भेटलेलं असतं. हामा सांगते की अग्निराष्ट्राने धाडी घालून एकेक जलसाधक पकडून नेला आणि शेवटी तिला नेलं. तुरुंगात त्यांना लोखंडी पिंजऱ्यांत टांगून ठेवलं होतं. हवेत ओलावा राहू नये म्हणून कोरडी हवा सोडली जायची आणि पाणी पाजताना हातपाय बांधले जायचे. हे सांगताना ती शिकवतेही : पाणी नदीतच असतं असं नाही, ते हवेत आहे, फुलाच्या देठात आहे. ती हात फिरवते आणि तांबड्या लिलींचं अख्खं माळरान काळं पडतं. कटाराला त्या फुलांचं वाईट वाटतं. हामा म्हणते, फुलंच तर आहेत. बारकाईने पाहणाऱ्याला तिथेच पुढचं सगळं कळतं.

कारण पाणी उंदराच्या अंगातही असतं आणि माणसाच्याही. कोठडीत पौर्णिमेच्या रात्री हामाने उंदरांच्या रक्तावर सराव केला, मग पहारेकऱ्याच्या. अशी ती सुटली, आणि तेव्हापासून गावातली माणसं बाहुल्यांसारखी चालवत डोंगराखाली नेऊन डांबते आहे. ती कटाराला म्हणते की आता ही विद्या तू पुढे चालव. कटारा नकार देते तेव्हा हामा आंग आणि सॉका यांनाच एकमेकांवर घालते. सॉकाच्या तलवारीपासून आंगला वाचवण्यासाठी कटाराला तेच करावं लागतं जे करायचं नव्हतं. ती हामाचं रक्त थोपवते. हामाला बेड्या पडतात आणि जाता जाता ती आनंदाने म्हणते की माझं काम झालं. कटारा रडत खाली बसते आणि भाग तिथेच संपतो. मुलांच्या वाहिनीवर असा शेवट ठेवायला धैर्य लागतं. हामावर झालेला अन्याय लेखक कुठेही कमी करून दाखवत नाहीत. तरीही तिच्या हाती काय उरलं ते स्पष्ट आहे. तिने विद्या वाचवली, वाढवलीसुद्धा. ती विद्या ज्या लोकांची होती त्यांची रीत मात्र तुरुंगातच राहिली.

तेराव्या भागात याच्या उलट घडतं. तोवर राजपुत्र झुको आपल्या बापाला, ओझाईला, सोडून आंगच्या बाजूला आला आहे आणि त्याच्या हातातली आगच विझली आहे, कारण इतकी वर्षं ती रागावर पेटत होती. अग्निविद्येचा उगम शोधायला हे दोघे सूर्ययोद्ध्यांच्या पडक्या नगरात जातात. हे लोक केव्हाच संपले असं जगाला वाटत असतं. ते जिवंत असतात, लपून राहिलेले, एक अखंड ज्योत जपत. आणि त्यांच्यासोबत दोन ड्रॅगन. सोझिनने ड्रॅगनच्या शिकारीची प्रथा पाडली होती. शेवटचा ड्रॅगन आपण मारला असं सांगून झुकोच्या काकाने, आयरोने, मोठा मान मिळवला होता. ते खोटं होतं. त्याने ते या दोघांना वाचवण्यासाठी सांगितलं होतं. हातात ओंजळभर आग घेऊन दोन मुलं उंच पायऱ्या चढतात, वर ती आग विझते, दोन प्रचंड प्राणी त्यांच्याभोवती फिरू लागतात, आणि या दोघांना एवढंच सुचतं की पुतळ्यांवरून शिकलेला जुना नाच करावा. मग त्यांच्याभोवती आगीचे इतके रंग उसळतात की ही आग जाळणारी नाही हे सांगायला कोणी बोलावं लागत नाही. जिंकणाऱ्यांनीही आपली रीत गमावली होती, हे या भागाचं म्हणणं मला फार मोठं वाटतं. वायुलोकांना मारणाऱ्या राजाने स्वतःच्या विद्येचे गुरूही मारायला काढले होते.

आणि सोळावा भाग. या पर्वातला माझ्या मते सर्वांत उत्तम. कटाराच्या आईला मारणाऱ्या सैनिकाच्या शोधात झुको आणि कटारा निघतात. आंग तिला क्षमेविषयी सांगू पाहतो, ती ऐकत नाही, आणि तिचं न ऐकणं लेखकांनी योग्य ठेवलं आहे. वाटेत ती रक्तविद्या पुन्हा वापरते, एका अधिकाऱ्याला गुडघ्यावर आणते, आणि मग कळतं की हा तो माणूसच नाही. खरा माणूस निवृत्त होऊन म्हाताऱ्या आईची बोलणी खात भाजीचा मळा पाहतो आहे. तिथे जुना प्रसंग उलगडतो. सैनिक गावात उरलेल्या शेवटच्या जलसाधकाच्या शोधात आला होता. आईने सांगितलं, ती मीच आहे. तिला विद्या येत नव्हती. विद्या पोरीला येत होती. त्या सैनिकाला वाटलं आपण शेवटचा जलसाधक संपवला.

भर पावसात कटारा उभी राहते, हात वर करते, आणि पाऊस थांबतो. पडणारा प्रत्येक थेंब हवेत अडकून राहतो. मग ते पाणी बर्फाच्या सुऱ्या होऊन त्या माणसाच्या अंगावर जातं आणि त्याच्यापासून बोटभर अंतरावर थबकतं. तो म्हणतो, माझ्या आईला मार आणि फिटंफाट कर. कटारा त्याला तिथेच सोडून निघते. नंतर ती आंगला स्पष्ट सांगते की मी त्याला क्षमा केलेली नाही, कधी करणारही नाही. एवढं असूनही ती हामा झाली नाही. आईने स्वतःला 'शेवटची' म्हणवून घेतलं ते मुलीत काहीतरी पुढे जावं म्हणून. ते काय होतं हे त्या थांबलेल्या पावसात मुलीला ठरवावं लागतं. याच भागाच्या शेवटी झुको आंगला विचारतो : हिंसेने प्रश्न सुटत नाही म्हणतोस, तर माझ्या बापासमोर उभा राहशील तेव्हा काय करशील?

या प्रश्नापासून शेवटचे चार भाग सुरू होतात. अमेरिकेत पर्वाचा पूर्वार्ध नोव्हेंबर 2007 ला संपला होता. मग मोठा खंड पडला, आणि उरलेले सगळे भाग जुलै 2008 च्या एकाच आठवड्यात दाखवले गेले. 'सोझिनचा धूमकेतू' या चार भागांनी मालिका संपली. त्यांत आंगला सगळेच सांगतात की ओझाईला मारावं लागेल. मित्र सांगतात. मागच्या जन्मांचे अवतारही सांगतात. रोकू म्हणतो ठाम राहा, क्योशी म्हणते न्यायाशिवाय शांती नाही, कुरुक म्हणतो स्वतःचं आणि जगाचं भवितव्य तूच घडव. मग आंग यांगचेनकडे वळतो, कारण ती वायुलोकांतली आहे. मठात वाढलेली, तेच शिकलेली. ती तरी समजून घेईल. ती त्याचं सगळं ऐकून घेते आणि म्हणते की अवताराला स्वतःच्या आत्मिक गरजांपेक्षा जगाचं काम मोठं. म्हणजे त्याच्या स्वतःच्या लोकांतलं एकमेव माणूस त्याला त्या लोकांची रीत बाजूला ठेवायला सांगतं.

इथे बहुतेक समीक्षक हिंसा की अहिंसा असा वाद मांडतात. मला तो अपुरा वाटतो. यांगचेनच्या काळी तिच्या मागे चार मठ होते. तिने रीत मोडली असती तरी रीत राहिली असती, पाळणारे हजारो होते. आंगने मोडली तर ती पाळणारा कोणीच उरत नाही. प्राणी मारायचा नाही, जीव घ्यायचा नाही, हे वायुलोकांचं वळण आता फक्त एका मुलाच्या वागण्यात आहे. तो ओझाईला मारेल त्या क्षणी सोझिनने शंभर वर्षांपूर्वी सुरू केलेलं काम पूर्ण होईल. आंगला हे कोणी समजावलेलं नाही आणि त्याला ते नीट सांगताही येत नाही. पण तो वाकत नाही, आणि त्या हट्टाचं कारण आधीच्या भागांत पेरलेलं आहे : वर्गातला खोटा धडा, हामाचं हसणं, थांबलेला पाऊस.

शेवटी तो ओझाईची वीज अंगात घेऊन आकाशात सोडून देतो, जिथे ती त्याच्यावरच परतवता आली असती. पुढे अवताराची संपूर्ण शक्ती जागी झाल्यावरही अखेरचा घाव तो अर्ध्यावर आवरतो आणि त्याची अग्निविद्या काढून घेतो. ओझाई जिवंत राहतो, तुरुंगात जातो. दुसऱ्याची विद्या काढून घेण्याची ही शक्ती आंगला आदल्या दिवसांत एका बेटाएवढ्या सिंहकासवाने दिलेली असते. ते कासव फार उशिरा आणि फार सोयीचं आलं, असा आक्षेप अनेकांनी घेतला आहे. तो मला निम्मा पटतो. दुसऱ्या पर्वात वाळवंटातल्या ग्रंथालयात आंगला अशा प्राण्याचं चित्र सापडतं खरं, पण एका चित्राच्या आधारावर एवढा शेवट उभा करणं थोडं घाईचंच. मात्र कासवाने दिलं ते साधन. मारायचं नाही हे आंगने त्याआधी, कुठलंही साधन हाती नसताना ठरवलेलं असतं, आणि नैतिक भार त्या ठरवण्यावर आहे.

आपल्याकडच्या वाचकाला इथे विनोबा आठवतील. त्यांचं पवनार आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. मे 1960 मध्ये चंबळच्या खोऱ्यात वीसेक बागींनी विनोबांसमोर बंदुका ठेवल्या होत्या. जीव न घेता शस्त्र खाली आणणं हे तिथेही झालं, पण एक मोठा फरक आहे. त्या बागींनी शस्त्र स्वतः ठेवलं. ओझाईकडून ते हिसकावून घेतलं गेलं, आणि त्यात आंग स्वतः संपण्याच्या बेतात आला. पडद्यावर दोन प्रकाश एकमेकांना गिळू पाहतात, आंगच्या अंगावरचा निळा उजेड जवळजवळ पूर्ण झाकला जातो, एका डोळ्यापुरता उरतो, आणि तिथून परत फिरतो. त्याला या कृत्याची किंमत मोजावी लागणार होती हे या चित्रातून कळतं. ते सोपं उत्तर होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी तेवढं अर्धं मिनिट पुन्हा पाहावं.

या सगळ्यामागचं काम हातांचं आहे. चित्रं मुख्यतः दक्षिण कोरियातल्या स्टुडिओंत काढली गेली. प्रत्येक विद्येच्या हालचाली खऱ्या चिनी युद्धकलांवर बेतल्या आहेत : जलविद्येला ताई ची, भूविद्येला हुंग गार, अग्निविद्येला उत्तर शाओलिन, वायुविद्येला गोलाकार फिरणारी बाग्वा. सिफू किसू हे त्याचे सल्लागार. म्हणून कोण कोणाशी लढतो आहे हे आवाज बंद करूनही कळतं. झुको आणि अझुला यांच्या शेवटच्या द्वंद्वात तर निळी आणि नारिंगी आग भिडत असताना लढाईचे आवाज मागे पडतात आणि संगीत शोकाचं होतं, कारण बहीण-भावाच्या त्या लढाईत कोणीही जिंकलं तरी आनंद नाही. आयरोचा आवाज दोन पर्वं माको या अभिनेत्याचा होता. ते जुलै 2006 मध्ये वारले. तिसऱ्या पर्वात तो आवाज ग्रेग बाल्डविन यांनी दिला. पर्वाच्या सुरुवातीला तुरुंगातला आयरो पुतण्याशी एक शब्दही बोलत नाही, पाठ फिरवून बसतो. कथेला ते मौन हवंच होतं, आणि माको ठाऊक असलेल्यांना त्यात आणखीही काही ऐकू येतं.

सगळं पर्व सारख्या तोलाचं नाही. नदीकाठच्या दूषित गावाचा तिसरा भाग हेतूने चांगला, पण गोष्ट म्हणून सरळसोट आहे. कारखान्याचं पाणी नदीत सोडणारे एका रात्रीत सुधारत नाहीत हे आपण जाणतो. आंग आणि कटारा यांच्या प्रेमाचा धागा मधेच सोडून दिला जातो आणि शेवटी एकदम गाठ मारली जाते. अझुलाचं ढासळणं एका भागात उरकलं आहे. तिच्यासाठी आणखी वेळ हवा होता. पुढच्या टिपणांत मुलांनी यापेक्षा कडक शब्द वापरले आहेत आणि ते तसेच ठेवले आहेत.

झुकोच्या राज्याभिषेकानंतर थोड्याच वेळात मालिका संपते, आणि त्या मुलीच्या प्रश्नाला तिथवर उत्तर मिळत नाही. ते पुढे मिळतं. 2012 साली सुरू झालेल्या 'द लेजंड ऑफ कोरा'त आंगचा मुलगा टेन्झिन भेटतो. आंगच्या तीन मुलांत वायुविद्या त्या एकट्यालाच आलेली, म्हणून सगळ्या वायुलोकांचं ओझं घेऊन तो वाढला. पुढे 2014 च्या पर्वात अचानक अनेक सामान्य माणसांना वायुविद्या येऊ लागते, तेव्हा त्यांना डोकं भादरायला, मांसाहार सोडायला, पहाटे उठायला पटवताना त्याची जी दमछाक होते ती पाहण्यासारखी आहे. विद्या परत आली, रीत मात्र शिकवावी लागते.

त्याहून नेमकं उत्तर चित्रकथांत आहे. जीन लुएन यांग यांनी लिहिलेल्या आणि गुरिहिरू या जपानी जोडीने चित्रित केलेल्या मालिकेतली 'द प्रॉमिस' 2012 ची. तिच्यात आंगच्या काही चाहत्या मुली कपाळावर वायुलोकांच्या खुणा गोंदवून घेतात आणि तो संतापतो. त्या खुणा साधनेने मिळवायच्या असतात. पण पुढे तोच या मुलींना वायुलोकांची रीत शिकवायला घेतो, त्यांना विद्या येत नसताना आणि कधी येणारही नसताना. 2014 च्या 'द रिफ्ट'मध्ये तो त्यांना आणि मित्रांना घेऊन शंभरहून अधिक वर्षं न झालेला एक सण करायला निघतो. ज्या पवित्र माळावर तो सण व्हायचा तिथे आता कारखाना उभा आहे. सणाचं नाव आहे यांगचेनचा उत्सव, म्हणजे जिचा सल्ला त्याने मानला नव्हता तिचाच.

टिपणं भागांच्या क्रमाने लावली आहेत. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी आधी दुसरा, आठवा, तेरावा आणि सोळावा भाग पाहावा, मग त्या चार भागांवरची टिपणं वाचावीत आणि शेवटचे चार भाग सलग पाहावेत. तांड्यावरच्या मुलांच्या तीन टिपणांत काही वाक्यं गोरमाटीत आहेत. ती देवनागरीत जशी त्यांनी लिहिली तशीच छापली आहेत. अर्थ न लागल्यास शेजारच्या बाकावरच्या मुलाला विचारावा.